गावातल्या घरी ब्रॉडबँड घ्यायचंय? कंपनी नंतर, आधी लाइन कुठून येते ते बघा

गावाकडं नेट घ्यायचं म्हटलं की सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात, कुठल्या कंपनीचं चांगलं? शहरात तो बरोबर आहे, तिथं एका बिल्डिंगमध्ये तीन-चार जणांच्या केबल आलेल्या असतात, पाहिजे ती घ्यायची. गावात कंपनी सगळ्यात शेवटी ठरते. आधी हे बघायचं की आपल्या घरापासून जवळचा फायबरचा, म्हणजे नेट आणणाऱ्या काचेच्या बारीक तारेचा बॉक्स कुठंय, तिथून घरापर्यंत तार कशी येणार, लाइट गेल्यावर काय होणार, आणि तार तुटली तर जोडायला माणूस कुठून येणार. आमच्या भागात गावठाणातली घरं, मळ्यातल्या वस्त्या, डोंगराकडच्या वाड्या अशा बऱ्याच ठिकाणची जोडणी मी जवळून बघितलीय आणि जिथं नेट वर्षानुवर्ष नीट चाललंय तिथं दुरुस्तीचा माणूस जवळचा आहे, एवढं एक तरी पक्कं सांगतो. म्हणून हा लेख प्लॅनची तुलना करणारा नाही, सुरुवातीपासून काय काय करायचं ते सांगणारा आहे.

आधी गावात चक्कर मारा

फोनवरून बुकिंग करायच्या आधी एक संध्याकाळ काढा. ज्यांच्या घरी आधीच नेट आहे अशा दोन-तीन घरी जाऊन बसा आणि नुसतं "कसं चालतंय" असं विचारू नका, कारण सगळे "चालतंय बरं" असंच म्हणतात. असं विचारा: मागच्या पावसाळ्यात किती वेळा बंद पडलं? तार तुटली तेव्हा माणूस कधी आला, त्याच दिवशी की आठवड्याने? लाइट गेल्यावर तुमच्या इन्व्हर्टरवर राउटर चालू असताना नेट चालतं का, की तेही जातं? रात्री आठ ते दहा व्हिडिओ अडकतो का? या चार उत्तरांतून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही जाहिरातीतून कळत नाही.

मग ग्रामपंचायतीत जा. भारतनेट नावाची केंद्राची योजना आहे, २०११ मध्ये वेगळ्या नावाने मंजूर झालेली, पुढे भारतनेट झाली. तिच्यात प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आणायचं ठरलं, महाराष्ट्रात बराचसा भाग बीएसएनएलकडून आणि काही भाग राज्याच्या महानेट प्रकल्पातून झाला. त्यामुळे तुमच्या पंचायतीच्या ऑफिसात कोपऱ्यात एक कपाट, बॅटऱ्या आणि वर सोलर पॅनल असं काहीतरी दिसायची शक्यता खूप आहे. ते चालू आहे का, लाइट लागलेत का, हे ग्रामसेवकांना किंवा ऑपरेटरला विचारा. चालू असेल तर तिथून घराघरात कनेक्शन देणारा स्थानिक माणूस कोण ते विचारा, योजनेत त्याला उद्यमी म्हणतात, बऱ्याचदा तो गावातला नाहीतर शेजारच्या गावातला केबलवालाच असतो. बीएसएनएल बिल घेतं आणि त्यातला हिस्सा त्याला मिळतो, म्हणून तार टिकवणं हा त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो आणि ते आपल्या फायद्याचं आहे.

पंचायतीतलं कपाट बंद असेल तर एकट्याने तक्रार करत बसण्यापेक्षा ग्रामसभेत ठराव घ्या, दहा-पंधरा घरांची मागणी सह्यांसकट तालुक्याच्या टेलिफोन एक्सचेंजला द्या. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने भारतनेटचा सुधारित टप्पा मंजूर केला, जवळपास १.३९ लाख कोटी रुपयांचा, त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक म्हणजे पंचायतींना रिंगमध्ये जोडायचं. आधी एका सरळ रेषेत गावं जोडलेली होती, मधे जेसीबीने तार तोडली की पुढची सगळी गावं बंद. रिंग असेल तर दुसऱ्या बाजूने नेट येतं. दुसरी गोष्ट, पंचायतीच्या मुख्य गावाबाहेरची छोटी गावंसुद्धा मागणीनुसार जोडायची तरतूद आहे. मागणीनुसार म्हणजे मागावं लागतं, म्हणून तो ठराव महत्त्वाचा.

बीएसएनएलचं "बुक माय फायबर" नावाचं पोर्टल आहे, तिथं नकाशावर घराची जागा टाकून मागणी नोंदवता येते. नोंदवाच, पण नोंदवून घरी वाट बघत बसू नका, त्या भागाचा माणूस शोधून त्याला फोन कराच.

फायबर, एअरफायबर की सिमचा राउटर

तार येत असेल तर फायबरच घ्या, यात मला तरी काही शंका नाही. घर गावठाणात असेल तर बहुतेक तो प्रश्न सुटतो. अडचण येते मळ्यात आणि वाडीवर.

एअरफायबर म्हणजे घराच्या छतावर एक डबा बसवतात, तो टॉवरकडून ५जी सिग्नल घेतो आणि आत राउटरला देतो. जिओ आणि एअरटेल दोघांनीही ते २०२३ मध्ये सुरू केलं. तार ओढायची कटकट नाही, बसवायला फार वेळ लागत नाही, पण जवळ ५जी टॉवर पाहिजे आणि टॉवरच्या दिशेला मोकळं पाहिजे. गावात त्या कंपनीचं ५जी फोनवर नीट येत असेल तरच विचार करा. डेटाची मर्यादा पण विचारा, जिओचं साधारण महिन्याला १००० जीबीचं गणित असतं, घरगुती वापराला ते भरपूर झालं.

५जी नाही, फक्त ४जी आहे, तर सिमचा राउटर. इथं लोक दुकानातून राउटर आणून टीव्हीजवळ ठेवतात आणि रेंज नाही म्हणतात. वर पत्रा, भिंत दीड फूट जाड, सिग्नल आत येणार कुठून? आधी फोन घेऊन गच्चीवर नाहीतर घराच्या चारही बाजूंना फिरा, फोनच्या सेटिंगमध्ये सिमची माहिती असते तिथं सिग्नल मायनस आकड्यात दिसतो. मायनस ८५-९० च्या आसपास असेल तर मस्त, मायनस १०० म्हणजे चालून जाईल, मायनस ११० च्या पुढं गेलं की रोजची भांडणं. प्रत्येक कंपनीचं सिम टाकून बघा, शेजाऱ्याचा फोन मागून बघा, आणि संध्याकाळी बघा कारण दुपारी सगळीकडंच बरं चालतं. टॉवर कुठल्या दिशेला आहे ते सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर नकाशात दिसतं. मग शक्यतो बाहेर बसवायचा ४जी राउटर घ्या, जो पाइपावर टॉवरकडे तोंड करून बसतो आणि घरात फक्त लॅनची, म्हणजे नेटची तांब्याची केबल येते. अँटेना वर आणि राउटर खाली ठेवून मधे लांब अँटेनाची केबल टाकली तर मिळवलेला सिग्नल त्या केबलमध्येच जातो. बीएसएनएलचं ४जी सप्टेंबर २०२५ पासून देशभर मोठ्या प्रमाणात सुरू झालंय, जिथं आधी बाकी कोणाचीच रेंज नव्हती अशा काही वाड्यांवर आता तेवढं एकच येतं, त्यामुळे ते सिम पण एकदा टाकून बघा.

आणखी एक उपाय आहे जो फार कमी लोक वापरतात. गावातल्या घरी फायबर आहे आणि मळ्यातलं घर दीड-दोन किलोमीटरवर, पण दोन्ही छतं एकमेकांना दिसतात. अशा वेळी ५ गिगाहर्ट्झच्या वायरलेस डिशची जोडी मिळते, एक इकडं एक तिकडं, साधारण पाच-सात हजारांपासून पुढं. या बँडला, म्हणजे लहरींच्या पट्ट्याला, आपल्याकडं वेगळा परवाना लागत नाही, २०१८ मध्ये तो बाहेरच्या वापरालाही मोकळा केलाय. पण मधे काही आडवं यायला नको. उन्हाळ्यात रान मोकळं असताना बसवता आणि ऊस वाढला की नेट जातं, आंब्याला पालवी आली की जातं, म्हणून उसाच्या उंचीच्या बऱ्यापैकी वर पाइप उभा करा. आणि हे स्वतःच्या दोन घरांसाठी करा. गावाला पैसे घेऊन कनेक्शन वाटणं हा परवान्याचा धंदा आहे, शिवाय तुमच्या लाइनवरून कोणी काही भलतं केलं तर पोलीस आधी तुमच्याच दारात येणार.

सॅटेलाइटच्या नेटबद्दल पण लोक विचारतात. स्टारलिंक नावाच्या कंपनीला जून २०२५ मध्ये परवाना मिळाला. डोंगरातल्या एकट्यादुकट्या घरासाठी पुढं ते कामाचं ठरू शकतं, पण तार येत असेल तर त्याच्या भरवशावर थांबू नका.

पैशाचं बोलणं

जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे ४४९ चा प्लॅन हातात ५३० ला पडतो आणि ५९९ चा ७०७ ला. त्याशिवाय तीन गोष्टी आधी विचारून घ्या, शक्यतो व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: ओएनटी म्हणजे फायबर घरात येऊन ज्याला जोडतात तो भिंतीवरचा डबा विकत आहे, भाड्याने आहे की डिपॉझिटवर? तार किती मीटरपर्यंत फुकट आणि पुढं मीटरला काय भाव? तार तुटली तर जोडायचे पैसे कोणाचे? वस्तीवर तीनशे-चारशे मीटर तार लागते तिथं हा मीटरचा भावच प्लॅनपेक्षा मोठा खर्च ठरतो.

वर्षाचे पैसे एकदम भरले तर महिना-दोन महिने फुकट देतात. सुरुवातीला घेऊ नका. एक पावसाळा काढा, लाइन कशी टिकते ते बघा, मग भरा.

स्पीड किती घ्यायचा? सरकारी व्याख्येत २०२३ पासून किमान २ एमबीपीएसला ब्रॉडबँड म्हणतात, त्याआधी ५१२ केबीपीएसला म्हणायचे. घरात दोन-तीन फोन, एक टीव्ही, पोरांचे क्लास एवढंच असेल तर ३० एमबीपीएस पुरतं. १०० घेऊन जर लाइन दर आठवड्याला पडत असेल तर त्याचा काय उपयोग. एक लक्षात घ्या, एमबीपीएसला आठने भागलं की फाइल उतरायचा खरा वेग येतो, ३० चे पावणेचार एमबी सेकंदाला, म्हणजे एक जीबीचा पिक्चर साडेचार मिनिटांत.

कागदपत्रं साधीच, आधार आणि फोटो. फॉर्म भरूनच घ्या आणि पावती कंपनीच्या नावाची, जीएसटी नंबर असलेली घ्या. बऱ्याच गावांत केबलवाला रोख घेतो, वहीत लिहितो आणि संपलं. पुढं त्याने कंपनी बदलली किंवा धंदा बंद केला तर तुमच्याकडं कागद नाही.

पोरगा पुण्याला नाहीतर परदेशात आणि घरी फक्त आई-वडील, अशी घरं आता गावोगावी आहेत. तिथं कनेक्शन जो घरात राहतो त्याच्या नावावर ठेवा, पण दुसरा नंबर म्हणून पोराचा द्या म्हणजे रिचार्जचा मेसेज त्याला जाईल आणि तो तिकडून भरेल. आणि दुरुस्तीवाल्याचा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून राउटरशेजारी चिकटवा, कारण नेट गेल्यावर आईला तो व्हॉट्सॲपमध्ये शोधता येणार नाही.

तार ओढायच्या दिवशी घरी थांबा

हा सगळ्यात महत्त्वाचा दिवस. पोरं येतात, जिथून जवळ पडेल तिथून तार फेकतात आणि तासाभरात जातात. पुढच्या पाच वर्षांची डोकेदुखी त्या तासात ठरते, म्हणून तुम्ही स्वतः हजर राहा आणि रस्ता तुम्ही दाखवा, कारण कुठल्या वाटेने उसाच्या गाड्या जातात, कुठल्या झाडावर माकडं येतात हे तुम्हाला माहीत असतं, त्यांना नसतं.

रस्ता ओलांडताना तार एवढी उंच पाहिजे की उसाची भरलेली ट्रॉली आणि कडब्याची गाडी खालून निघाली पाहिजे. गळीत हंगामात सगळ्यात जास्त तारा ट्रॉलीनेच तुटतात. उंची मिळत नसेल तर दोन्ही बाजूंना स्वतःचा जीआय पाइप उभा करा, हजार-दीड हजार जातील पण सुटका होईल. महावितरणच्या खांबावरून तार नेणं सगळीकडं दिसतं, पण त्याला परवानगी लागते, नसेल तर त्यांचा वायरमन कधीही कापून टाकतो आणि त्याला बोलता येत नाही. आणि लाइटच्या खांबावर घरातल्या पोराला चढवू नका, कितीही घाई असली तरी नाही. फायबर तुटलं तर जोडता येतं.

शेजाऱ्याच्या बांधावरून, झाडावरून जायचं असेल तर आधी त्यांच्या घरी जाऊन "काका, तुमच्या बांधावरून नेटची तार नेतोय, चालंल ना?" एवढं विचारून या. न विचारता नेलेली तार पुढं भांडणात तुटते.

जमिनीतून न्यायची असेल तर काळ्या एचडीपीई पाइपातून न्या, नांगर आणि रोटाव्हेटर पोचणार नाही एवढी खोल, कमीत कमी दीड-दोन फूट, आणि शक्यतो बांधाच्या कडेने. पाइपाची दोन्ही तोंडं बंद करा, नाहीतर उंदीर आत शिरतात आणि आतली तार कुरतडतात. कुठून नेली त्याचे फोनमध्ये फोटो काढून ठेवा. पाणंद किंवा पाइपलाइनसाठी जेसीबी यायचा असेल तेव्हा तो फोटो दाखवता येतो. सरकारने २०२३ मध्ये "कॉल बिफोर यू डिग" नावाचं ॲप काढलंय, खोदायच्या आधी तिथं कळवायचं म्हणजे केबलवाल्यांना सूचना जाते. पंचायतीची कामं निघतात तेव्हा सरपंचांना याची आठवण करून द्या, एका फावड्यात अख्ख्या गावाचं नेट जातं.

विजेचं पण बघा. फायबर काचेचं, त्यातून करंट येत नाही हे खरं, पण बाहेरच्या तारेला ताण सहन व्हावा म्हणून बऱ्याचदा लोखंडी तार जोडलेली असते आणि तिच्यातून विजेचा झटका येऊ शकतो. ती लोखंडी तार बाहेरच्या हुकालाच बांधून तिथंच संपवायला सांगा, घरात फक्त फायबर येऊ द्या. तार घरात घेताना भोकाच्या आधी खाली एक वाकण ठेवायला सांगा म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून आत न येता तिथं ठिबकतं. कोकणात तर हे केलंच पाहिजे.

आत आल्यावर तार काटकोनात मोडू नका, खिळ्याला गुंडाळू नका, दरवाज्याच्या फटीतून नेऊ नका. आठ-दहा मीटर जादा तार गोल करून भिंतीवर ठेवा, पुढं तुटली तर ओढून घेता येते. शेवटचं टोक जोडताना दोन पद्धती असतात, एक मशीनने वितळवून जोडायची आणि एक हाताने बसवायचा कनेक्टर. मशीनचं जोडणं पक्कं असतं, दोनशे-तीनशे जादा मागितले तरी द्या. कनेक्टरचे रंग बघा, हिरव्याला हिरवा आणि निळ्याला निळा. हिरव्याचं टोक आतून तिरकं कापलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं, दोघांना एकमेकांत बसवलं तर बसतं पण सिग्नल गळतो. आणि उघड्या फायबरमध्ये डोळा लावून बघू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला घातक असतो. पोरांना लांब ठेवा, कापलेले काचेचे तुकडे पायात जातात.

जायच्या आधी त्यांना पॉवर मीटर, म्हणजे तारेतून किती प्रकाश येतो ते मोजायचं यंत्र, लावायला सांगा आणि आकडा लिहून घ्या. मायनस १५ ते मायनस २५ च्या मधे असेल तर ठीक. मायनस २७ च्या पुढं असेल तर आज चालेल आणि उद्या पडेल. "दादा, घर लांब आहे म्हणून कमी येतंय" असं सांगतील, ते पटवून घेऊ नका. किलोमीटरभर चांगल्या फायबरमध्ये अर्धा डीबीसुद्धा (डीबी म्हणजे सिग्नल किती घटला त्याचं माप) जात नाही, सिग्नल जातो तो बॉक्समधल्या वाटण्यांत आणि खराब जोडांत. एका फायबरचे आठ वाटे केले की दहा डीबी गेले, सोळा केले की तेरा-चौदा. म्हणजे अंतर नाही, जोड तपासा. हा लिहून ठेवलेला आकडा पुढं तक्रारीच्या वेळी फार कामाला येतो.

लाइटचं काय

ओएनटी आणि राउटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतात, मिळून दहा-बारा वॅट खातात. महिन्याला सात-आठ युनिट, त्याचं बिल नगण्य. पण लाइट गेली की दोन्ही बंद. इन्व्हर्टर असेल तर त्यावर घ्या, नसेल तर राउटरसाठी छोटा मिनी यूपीएस मिळतो, हजार ते दोन हजारांत. घेताना अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या, ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावला तर संपलं.

तुमच्याकडं बॅकअप असून चालत नाही, जिथून लाइन येते तिथं पण पाहिजे. म्हणून केबलवाल्याला कनेक्शन घ्यायच्या आधीच विचारा, तुमच्या मशीनला बॅटरी किती तास चालते? माझ्या मते प्लॅनच्या स्पीडपेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

मळ्यातली घरं बऱ्याचदा शेतीच्या फीडरवर असतात, लाइट ठरावीक तास. तिथं मिनी यूपीएस पुरणार नाही. ७५ ते १०० वॅटचं एक सोलर पॅनल, चार्ज कंट्रोलर आणि १२ व्होल्टची बॅटरी एवढ्यात राउटर दिवसरात्र चालतो, इन्व्हर्टर लागतच नाही. फक्त बॅटरी थेट राउटरला जोडू नका, चार्ज होताना ती १४ व्होल्टच्या वर जाते, मधे १२ व्होल्ट देणारा रेग्युलेटर टाका. वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की अडॅप्टरची पिन काढून ठेवायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा, आणि एका घरातून दुसऱ्या घरात उघड्यावरून लॅन केबल नेली असेल तर ती पण काढा, तांब्याची असते.

घरात वायफाय पोचवणं

जांभ्याच्या, दगडाच्या, मातीच्या जाड भिंतीतून वायफाय फार जात नाही. ओएनटी समोरच्या खोलीत कोपऱ्यात बसवतात कारण तार तिथं येते. त्याऐवजी घराच्या मध्यावर, डोक्याच्या वर, उघड्यावर बसवायला लावा, दहा मीटर तार जास्त गेली तर जाऊ दे. लोखंडी कपाट आणि फ्रिजच्या मागं नको. फोनवर वायफायची बऱ्याचदा दोन नावं दिसतात, २.४ गिगाहर्ट्झचं लांब जातं, ५ गिगाहर्ट्झचं जवळच्या जवळ पण वेगात, त्यामुळे ओसरीत नाहीतर गोठ्याकडं २.४ वापरा. लांबच्या खोलीसाठी रिपीटर घेण्यापेक्षा लॅन केबल ओढून तिथं जुना राउटर लावा, शंभर मीटरपर्यंत ती बिनधास्त चालते.

पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, मोबाइल नंबर ठेवू नका, तो अख्ख्या गावाला माहीत असतो. शेतात कॅमेरा लावणार असाल तर मोबाइलच्या ॲपमधून दिसणारा घ्या, बऱ्याच कंपन्या एका पब्लिक आयपीमागं, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यामागं, अनेक ग्राहक ठेवतात त्यामुळे जुन्या पद्धतीने राउटरमधून पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून कॅमेरा बाहेरून दिसत नाही. आणि ओएनटीच्या मागं पिनेने दाबायचं बारीक बटण असतं ते कोणीही दाबायचं नाही. त्याने कंपनीने भरलेलं लॉगिन पुसलं जातं आणि मग माणूस येईपर्यंत सगळं ठप्प.

बंद पडल्यावर

आधी ओएनटीवरचे लाइट बघा. लॉस (LOS) नावाचा लाल लाइट लागला किंवा लुकलुकतोय, म्हणजे तारेतून प्रकाशच येत नाही, तार तुटली किंवा समोरची मशीन बंद. शेजाऱ्याचं चालू आहे का विचारा. त्याचं चालू असेल तर बहुतेक तुमच्या तारेचं दुखणं, बाहेर फिरून बघा, बहुतेक वेळा तुटलेली जागा नजरेला दिसते आणि फोनवर "चिंचेजवळ तुटलीय" असं सांगितलं की माणूस त्या तयारीने येतो. पॉनचा (PON, फायबर जोडलेलं असल्याचा) हिरवा लाइट स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर रिचार्ज संपलाय, लॉगिन अडकलंय किंवा पुढचीच अडचण आहे, अशा वेळी ओएनटी दोन मिनिटं बंद करून चालू करा. नेट चालू आहे पण हळू आहे, तर ट्रायचं, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेचं, माय स्पीड ॲप वापरून सकाळी आणि रात्री मोजा, राउटरशेजारी उभं राहून मोजा, आणि स्क्रीनशॉट ठेवा.

स्थानिक माणसाला फोन कराच पण कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, पण घ्या. नंबर नसेल तर तक्रार झालीच नाही असं धरतात. ठरावीक दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलं तर भाड्यात सूट द्यायची पद्धत आहे, ती आपोआप मिळाली नाही तर डॉकेट दाखवून मागा. तक्रारीचं समाधान झालं नाही तर त्याच कंपनीत अपील करता येतं, तिथंही नाही झालं तर केंद्राच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडं, नाहीतर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, तिथं वेळ घालवू नका. आणि टेलिकॉमच्या विरोधात ग्राहक आयोगात जाता येत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्येच जाता येतं असं स्पष्ट केलंय.

कनेक्शन बंद करायचं असेल तर नुसतं रिचार्ज करणं सोडू नका, पोस्टपेड असेल तर बिल चढत राहतं. लेखी कळवा, डबा आणि अडॅप्टर परत देताना त्यावरचा सिरीयल नंबर लिहिलेली पावती घ्या, डिपॉझिट मागा. बाहेर ओढलेली तार मात्र काढू देऊ नका, तुम्ही मीटरने पैसे मोजले असतील तर ती तुमची आहे आणि पुढच्या कंपनीवाल्याला तीच जोडता येते.